एबीएस नेमकं कुठे गोंधळतं : प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

इब्राहिमभाईंच्या गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास येते : “ब्रेक दाबला, पण गाडी थांबलीच नाही.” भाई पॅड बघतात, ब्रेक ऑइल बघतात, डिस्कवरून बोट फिरवतात. सगळं ठीक असतं. मग गिऱ्हाईक स्वतःच निकाल देतं, “एबीएसमुळं होतंय भाई, त्याचा फ्यूजच काढून टाका.” (एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा.) कुठे झालं असं विचारलं की उत्तरं ठरलेली : गतिरोधक उतरताना, खडीवर, कच्च्या उतारावर, नाहीतर ऊसवाहतुकीनं चिखल सांडलाय तिथे. कोरड्या सपाट डांबरावर असं झाल्याचं आजवर कुणी सांगितलेलं नाही.

म्हणजे प्रश्न ब्रेकचा नाही. त्या ठराविक जागी एबीएसचा काय समज होतो, तो मला गाडीवरच मोजून बघायचाय. पुस्तकात सगळं लिहिलेलं आहे, पण आपल्या रस्त्यावरचा, आपल्या गाडीचा आलेख काढण्यात वेगळी मजा आहे.

गाडी माझीच. २५० सीसी, दोन्ही चाकांना एबीएस, म्हणजे ड्युअल चॅनल. गाडी किती कलली आहे हे मोजणारा सेन्सर तिच्यात नाही, आणि हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार.

इतिहास एका परिच्छेदात उरकतो. विक्रीच्या मोटरसायकलवर इलेक्ट्रॉनिक एबीएस पहिल्यांदा बीएमडब्ल्यूनं १९८८ मध्ये के१०० वर दिलं. त्या यंत्रणेचं वजन ११ किलोच्या आसपास होतं. आजचं मोड्यूल किलोभराचंही नसतं. आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या नव्या मॉडेलना १ एप्रिल २०१८ पासून आणि त्या वर्गातल्या सगळ्याच नव्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. त्या नियमात १२५ आणि त्याखाली सीबीएस पुरेसं होतं, म्हणजे एक ब्रेक दाबला की दुसऱ्या चाकालाही थोडा ब्रेक लागतो. सीबीएसमुळे चाक लॉक व्हायचं थांबत नाही. शोरूममध्ये मात्र दोन्हींचा उच्चार एकाच दमात होतो.

प्रकल्पाचा पहिला नियम : गाडीच्या मूळ एबीएस वायरिंगला हात लावायचा नाही. आपले सेन्सर वेगळे, बॅटरी वेगळी, मोजणीची नोंद वेगळी.

१७ नोव्हेंबर

सेन्सर बसले. डिस्कच्या आतल्या बाजूला खाचा पाडलेली पातळ लोखंडी चकती असते. गॅरेजमध्ये तिला एबीएस रिंग म्हणतात. गाडीचा मूळ सेन्सर तिच्यावरच नजर ठेवून असतो. त्याच्या थोडं पुढे, त्याच रिंगसमोर, पाठीला चुंबक चिकटवलेला हॉल सेन्सर लावला. तो चुंबकीय क्षेत्रातला बदल टिपतो, समोरून एक खाच गेली की विजेचा एक ठोका देतो. रिंग आणि सेन्सर यांत एक मिलिमीटरच्या आसपास फट ठेवली. पहिली पट्टी पातळ पत्र्याची होती, ती ४००० आरपीएमला थरथरून खोटे ठोके द्यायला लागली. भाईंनी पाच मिलिमीटरच्या अॅल्युमिनियम पट्टीतून नवी कापून दिली, तेव्हा शांत झाली.

कोड पूर्वानं लिहिला. माझी भाची, मेकॅट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. “मामा, वेग साठवायचाच नाही. दोन खाचांमधला वेळ साठवायचा, वेग नंतर घरी बसून काढू,” हे तिचंच. बरोबर आहे. मोजणी जितकी कच्ची ठेवाल तितकी नंतर कामाला येते.

आकडे असे. पुढच्या रिंगला ४८ खाचा. मी सीटवर बसून, टायरवर खडूची खूण करून, चाक एक फेरा पुढे ढकललं : १.८१ मीटर. म्हणजे दर ३७.७ मिलिमीटरला एक ठोका. ताशी ५० किलोमीटरला सेकंदाला साधारण ३६८ ठोके येतात, दोन ठोक्यांत पावणेतीन मिलिसेकंद. ताशी ५ ला तेच ३७ ठोके, आणि दोन ठोक्यांत २७ मिलिसेकंद.

हा शेवटचा आकडा बघून एक गोष्ट स्वच्छ झाली. अगदी हळू वेगात, पाच-सहाच्या खाली, एबीएस काम सोडून देतं हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. एवढ्या संथपणे ठोके यायला लागले की चाक अडतंय की नुसतं हळू झालंय हे वेळेत कळणंच अवघड. शिवाय तिथेही ब्रेक सोडत बसलं तर गाडी पूर्ण थांबणार कधी?

२४ नोव्हेंबर

आधी कोरड्या डांबराचा आलेख, म्हणजे बाकी सगळं त्याच्याशी ताडून बघता येईल. महामार्ग रुंद झाल्यावर वापरातून गेलेला जुन्या रस्त्याचा एक तुकडा आहे. सरळ, सपाट, दोन्ही टोकांना दगड टाकून बंद केलेला. जॅकेट, बूट, हेल्मेट, टोकाला मदतीला आलेला संदीप हात वर करून उभा.

ताशी ५० वरून दोन्ही ब्रेक पूर्ण. आलेखात पुढच्या चाकाचा वेग सरळ उतरत नाही, करवतीच्या पात्यासारखा दातेरी उतरतो. चाक गाडीपेक्षा हळू व्हायला लागतं, घसरण दहा-पंधरा टक्क्यांच्या पुढे जाते, तेवढ्यात दाब सुटतो, चाक परत वेग पकडतं, दाब परत चढतो. माझ्या आलेखात हे सेकंदाला पाच-सात वेळा दिसतं.

मोड्यूलच्या आत दर चाकामागे दोन व्हॉल्व्ह आहेत. एक लिव्हरकडून कॅलिपरकडे (पॅड डिस्कवर दाबतो तो भाग) जाणारा, नेहमी उघडा. दुसरा कॅलिपरमधून ऑइल बाहेर सोडणारा, नेहमी बंद. चाक अडायला लागलं की पहिला बंद होतो : आता लिव्हर कितीही दाबा, दाब वाढत नाही. तरी चाक सावरलं नाही तर दुसरा क्षणभर उघडतो आणि थोडं ऑइल छोट्या साठवणीत जातं. ते ऑइल पंप परत लिव्हरपाशी असलेल्या मास्टर सिलिंडरकडे ढकलतो. बोटाला लिव्हर थरथरते ती त्यामुळे.

या दोन व्हॉल्व्हना वीज मिळाली नाही तर पहिला उघडा आणि दुसरा बंद, म्हणजे लिव्हरपासून कॅलिपरपर्यंत सरळ रस्ता. म्हणूनच एबीएसचा दिवा पेटला तरी साधा ब्रेक शाबूत राहतो. हे लोकांना सांगावं लागतं. दिवा पेटला म्हणून गाडी टेम्पोत घालून आणणारेही आहेत.

आता मुख्य गोष्ट. घसरण किती टक्के हे ठरवायला एबीएसच्या कंप्युटरला गाडीचा खरा वेग ठाऊक हवा. तो मोजायचं साधन त्याच्याकडे नाही. जीपीएस नाही, डोळे नाहीत. आहेत ते दोन चाकांचे ठोके. दोघांपैकी जे चाक जास्त वेगानं फिरतंय त्यावर जास्त विश्वास ठेवायचा, आणि एखादं चाक अशक्य वेगानं मंदावलं तर ते अडतंय असं धरायचं, ढोबळमानानं असा त्याचा हिशोब. दोन साक्षीदार आहेत, आणि रस्त्यावर प्रत्यक्ष काय घडलं ते कंप्युटरनं पाहिलेलं नाही. भाईंच्या गॅरेजमधली सगळी गाऱ्हाणी इथूनच निघतात असा माझा अंदाज आहे. पुढच्या चाचण्या त्यासाठीच.

ता. क. थांबायच्या शेवटच्या हातभर अंतरात डांबरावर पुढच्या टायरची लहानशी काळी रेघ उमटली. पाचच्या खालची मोकळीक ती हीच.

१ डिसेंबर

आजचं काम सोपं, गॅरेजमध्येच. मागचं चाक पॅडॉक स्टँडवर उचललं, इंजिन चालू, पहिला गिअर, क्लच सोडला. मागचं चाक मजेत फिरतंय, पुढचं जमिनीवर गप्प. थोड्या वेळात मीटरवर एबीएसचा दिवा पेटला.

एक साक्षीदार म्हणतो गाडी ताशी ३० नं चाललीय, दुसरा म्हणतो उभी आहे. दोघेही खरे असतील असा रस्ता जगात नाही, म्हणून कंप्युटर सेन्सर बिघडल्याचं समजतो आणि स्वतःला बाजूला करतो. चावी बंद करून परत चालू केली, गल्लीतून चक्कर मारली, दिवा गेला.

साखळीला ऑइल देताना गाडी गिअरमध्ये टाकून चाक फिरवणारे पुष्कळ आहेत. (तसं करू नका, बोटं साखळीत जातात. चाक हातानं फिरवा.) त्यांना हा दिवा दिसतो आणि ते घाबरून गॅरेजला येतात. मागच्या चाकावर लांबवर गाडी पळवणाऱ्यांचं, आणि पुढचा ब्रेक दाबून मागचं चाक जागेवर घासणाऱ्यांचं तेच होतं. यात एक धोका आहे, त्याकडे कुणाचं लक्ष नसतं : पुढचं चाक खाली टेकल्यावरही दिवा तसाच असेल तर त्या फेरीपुरतं एबीएस नाहीच. कॉलेजच्या गेटसमोर करामत दाखवून पोरगं तसंच हायवेला लागतं.

बॅटरी मुद्दाम उतरवूनही बघितली. व्होल्टेज खूप पडलं की पंप चालवण्याइतकी ताकद नसते, आणि दिवा येतो. हिवाळ्यात सकाळी ढकलस्टार्ट केलेल्या गाडीचं गाऱ्हाणं हे.

८ डिसेंबर

गतिरोधक. मी याचीच वाट बघत होतो.

भारतीय रस्ते परिषदेच्या मानकात गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितलाय, ताशी २५ नं ओलांडता यावा म्हणून. आमच्या गावाबाहेरचा रुंदीला त्याच्या निम्माही नसेल आणि उंचीला जास्तच. चाचणीला उत्तम.

ताशी ४० नं आलो, पुढचा ब्रेक मध्यम दाबून धरला, तसाच चढलो. आलेख टप्प्याटप्प्यानं वाचला तर असा :

चढताना पुढचा शॉकअप दबतो, चाकावर भार वाढतो, पकड उत्तम. माथ्यावरून उतरताना शॉकअप उलगडत जातो, तरी चाक जमिनीमागे वेळेत पोचत नाही. त्या क्षणी टायरवर भार जवळजवळ शून्य, पण कॅलिपरमधला दाब तोच. हलकं झालेलं चाक एकदम मंदावतं. ठोक्यांमधलं अंतर तीन-चार खाचांतच दुप्पट झालेलं दिसतं. कंप्युटरच्या दृष्टीनं हे चाक बर्फावर गेलंय. तो दाब सोडतो, आणि त्याच्याजवळ जेवढी माहिती आहे तेवढ्यात हे बरोबरच आहे.

मग चाक जमिनीवर आपटतं. पकड पूर्ण परत आली, पण कॅलिपरमध्ये दाब नाही. तो टप्प्याटप्प्यानं चढतो, कारण एकदम चढवला आणि जमीन खरंच निसरडी असली तर चाक परत अडेल. या सगळ्यात साधारण पाव ते तीन दशांश सेकंद गेले. ताशी ४० ला गाडी सेकंदाला ११ मीटर कापते, म्हणजे तीन मीटरच्या आसपास गाडी जवळजवळ ब्रेकशिवाय गेली. लिव्हर हातात घट्ट आणि गाडी सुटलेली. “ब्रेकच धरला नाही” म्हणतात ती भावना शंभर टक्के खरी आहे. आज मलाही पोटात गोळा आला, आणि मला तर काय होणार ते आधीपासून ठाऊक होतं.

एबीएस नसतं तर? चाक हवेत लॉक झालं असतं आणि लॉक अवस्थेतच जमिनीला टेकलं असतं. हँडल सरळ असेल तर किंचाळून परत फिरलं असतं, जरा वाकडं असेल तर गाडी आडवी.

रंबलरच्या पट्ट्यांवर हेच लहान प्रमाणात, पण ओळीनं होतं. एका पट्टीनंतरचा दाब पूर्ण चढायच्या आत दुसरी पट्टी येते. घाटाच्या पायथ्याशी, टोलनाक्याच्या आधी, म्हणजे नेमकं जिथे सगळे ब्रेक मारतात तिथेच या पट्ट्या असतात. संदीपच्या सूचनेवरून पुढच्या शॉकअपचं ऑइल बदलून बघितलं, जुनं पाण्यासारखं पातळ झालं होतं. नव्या ऑइलवर चाक जमिनीला जास्त चिकटून राहतं आणि दाब सुटण्याचा काळ आलेखात उघड कमी दिसतो. एबीएसला नावं ठेवण्याआधी शॉकअप बघा, हे भाईंच्या फळ्यावर लिहून आलो.

चालवणाऱ्यासाठी उपाय जुनाच : ब्रेक गतिरोधकाच्या अलीकडे संपवायचा, माथ्यावर लिव्हर सोडलेली पाहिजे.

१५ डिसेंबर

पकड अचानक बदलणं. बंद रस्त्यावर एका पट्ट्यात शेतातली काळी माती कालवून पसरली. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांतून सध्या जी रस्त्यावर येते तीच. फक्त सरळ रेषेत, ताशी ३०.

डांबरावरून चिखलात : पुढचं चाक लगेच मंदावतं, दाब लगेच सुटतो, मागचं चाक अजून डांबरावर असल्यानं खरा वेग सांगायला एक साक्षीदार शाबूत. हे एबीएस सुरेख करतं. चिखलातून परत डांबरावर : इथे दाब चढायला वेळ लागतो, पण लोकांना वाटतो त्यापेक्षा कमी. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ७८ मध्ये मोटरसायकलच्या ब्रेकसाठी नेमकी ही चाचणी आहे : कमी पकडीवरून जास्त पकडीवर आल्यावर एका सेकंदाच्या आत गाडीचं मंदावणं वाढलं पाहिजे. माझा आलेख त्याच्या बराच आत आहे. त्या चाचण्या सरळ रेषेत होतात, हे मात्र ध्यानात ठेवावं.

ओल्या झेब्रा पट्ट्यांवर फारसं काही हाती लागलं नाही. पट्टा आखूड असतो, चाक त्यावर असतं तो वेळ जेमतेम.

२२ डिसेंबर

दगडखाणीकडे जाणारा रस्ता. सुटी खडी, मध्येमध्ये मुरूम, आणि एक उतार. संदीपची रॉयल एनफिल्ड हिमालयन बरोबर घेतली, कारण २०२० पासूनच्या बीएस-६ हिमालयनला मागच्या चाकाचं एबीएस बंद करायचं बटण आहे. माझ्या गाडीला ते नाही.

आधी सपाट खडीवर. लॉक झालेलं चाक सुट्या खडीत रुततं आणि आपल्यापुढे खडीचा लहान ढीग ढकलत नेतं. तो ढीगच गाडीला अडवतो. एबीएस चाकाला लॉक होऊच देत नाही, म्हणून ढीग तयार होत नाही आणि चाक खडीवरून तरंगत पुढे जातं. संदीपनं मागचं एबीएस बंद करून मारलेला ब्रेक आणि चालू ठेवून मारलेला ब्रेक, दोन्हींच्या खुणा खडीत शेजारी शेजारी होत्या. एक खोल, कडेला उंच बांध असलेली चर. दुसरी तुटक तुटक, हातभर खोदलेलं, हातभर नुसतं दाबलेलं. फोटो काढलेत.

पण माझ्या आलेखात याहून वेगळं काहीतरी दिसलं. दोन्ही ब्रेक एकदम दाबले की दोन्ही चाकं एकदमच घसरायला लागतात. म्हणजे दोन्ही साक्षीदार एकाच वेळी खोटं बोलतात. मी वर बांधलेला जीपीएस ताशी २४ सांगतोय, आणि दोन्ही चाकं २० च्या आसपास. कंप्युटरला वाटणार गाडी २० वरच आहे, घसरण फार नाही. तो थोडी जास्त घसरण चालू देतो, मग कुठलं तरी एक चाक मोकळं होऊन खरा वेग सांगतं, आणि तो दचकल्यासारखा दोन्हीकडचा दाब सोडतो. आलेखात हे लांब, आळसावलेल्या लाटांसारखं दिसतं, डांबरावरच्या बारीक दातांसारखं नाही. हातालाही तसंच जाणवतं : धरलं, सोडलं, बराच वेळ काहीच नाही, परत धरलं.

उतारावर हे सगळं गुणाकारानं वाढतं. हिशोब करून बघा. सुट्या खडीवर एबीएससकट गाडी गुरुत्वाच्या ०.३ पट मंदावते असं धरलं तर ताशी २५ वरून सपाटीला सव्वाआठ मीटरमध्ये थांबते. तोच रस्ता शंभराला पंधरा उतरता असेल तर गुरुत्वाकर्षण ०.१५ परत घेतं, उरतं ०.१५, आणि अंतर साडेसोळा मीटर. बरोबर दुप्पट. आणखी थोडा उतार, आणखी थोडी सुटी खडी, की गाडी थांबतच नाही, एकाच वेगानं उतरत राहते. लिव्हर थरथरतेय, टकटक आवाज येतोय, आणि पुढचं वळण जवळ येतंय. सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर “एबीएसनं मला दरीत नेलं असतं” म्हणणारे खोटं बोलत नाहीत.

मग फ्यूज काढावा का? माझं मत : नाही. कच्च्यावर मागचं एबीएस बंद करायची सोय असेल तर जरूर वापरा. मागचं चाक घसरलं तर गाडी शेपूट हलवते, सावरता येते. पुढचं घसरलं तर विचार करायलाही वेळ मिळत नाही. म्हणूनच बहुतेक कंपन्या बटण मागच्याच चाकाला देतात. फ्यूज काढला की दोन्हीकडचं जातं, आणि घरी येताना तो परत लावायची आठवण राहत नाही. भाईंच्या टेबलाच्या खणात असे फ्यूज आहेत, मालक न्यायला आलेलेच नाहीत.

ज्यांच्याकडे बटण नाही त्यांनी उतारावर पहिल्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर, चालण्याच्या वेगानं उतरायचं. वेग चढूच द्यायचा नाही. चढल्यावर एबीएसकडून तो उतरवून मागणं व्यर्थ आहे.

५ जानेवारी २०२५

छोटी नोंद. ब्रेकला हात न लावता, ताशी ६० वरून एकदम दोन गिअर खाली, क्लच झटक्यात सोडला. मागचं चाक क्षणभर गाडीपेक्षा स्पष्ट हळू फिरलं, टायर चिरकला, एबीएस गप्प. ते बरोबरच आहे : कॅलिपरमध्ये दाबच नाही तर सोडणार काय? चाकाला इंजिन अडवत होतं. एबीएसच्या हातात फक्त ब्रेकचं ऑइल आहे. स्लिपर क्लच असलेल्या गाड्यांत हा झटका क्लचच बराचसा गिळतो.

पावसात घाट उतरताना याचा विसर पडू नये.

१२ जानेवारी

वळणात कललेल्या गाडीवर पूर्ण ब्रेक. ही चाचणी मी करणार नाही. संदीप म्हणाला, “मी करतो.” त्यालाही करू दिली नाही.

कागदावर मात्र स्पष्ट आहे. टायरची एकूण पकड एकच, ती वळायला आणि थांबायला वाटून घ्यायची असते. पकड भाराच्या ०.९ पट धरली तर ३० अंश कललेली गाडी वळण्यासाठी ०.५८ वापरते आणि ब्रेकला साधारण ०.६९ उरते, कारण ही वाटणी साध्या वजाबाकीनं होत नाही, काटकोनातल्या बाजूंसारखी होते. ४० अंशांना वळणालाच ०.८४ जातात आणि ब्रेकला ०.३३ उरतात. दहा अंशांत निम्म्याहून जास्त गेलं. साध्या एबीएसला कल ठाऊकच नाही. ते सरळ रस्त्याच्या मापानं घसरण चालू देतं, आणि तेवढ्या घसरणीत आडवी पकड संपलेली असू शकते. शिवाय कललेल्या गाडीत टायर जमिनीला टेकतो ती जागा मधल्या रेषेच्या बाजूला सरकलेली असते, म्हणून पुढचा ब्रेक जोरात दाबला की हँडल स्वतःहून फिरतं, गाडी उभी राहायला बघते आणि वळण सोडून सरळ निघते.

यावरचा इलाज म्हणजे कल मोजणारा सेन्सर. बॉशची तशी यंत्रणा केटीएमच्या ११९० अॅडव्हेंचरवर २०१३ मध्ये आली. ती कल बघून दाब सावकाश चढवते. माझ्या गाडीच्या किमतीत ती बसत नाही.

ब्रेक न लावता मात्र एक गंमत मोजता आली. कुंभार्ली घाटात आरामात वळणं घेत फक्त ठोके नोंदवले. टायरची कड मध्यापेक्षा लहान परिघाची असते, त्यामुळे कललेल्या गाडीचं चाक त्याच वेगाला जास्त फेरे मारतं. पुढचा आणि मागचा टायर वेगवेगळ्या रुंदीचे, म्हणून दोघांत हा फरक सारखा नाही. वळणागणिक दोन्ही चाकांचं गुणोत्तर काही टक्क्यांनी हलताना दिसतं. गाडी ठणठणीत, रस्ता कोरडा, ब्रेक मोकळा, तरी साक्षीदारांचं एकमत नाही. कंप्युटरला एवढा फरक पोटात घालावाच लागतो, नाहीतर प्रत्येक वळणावर दिवा पेटेल. पूर्वाला हा आलेख सगळ्यात जास्त आवडला, तिनं तो सेमिनारला घेतलाय.

१९ जानेवारी

गॅरेजमध्ये एक गाडी आली. ताशी ४० च्या आसपास हळू ब्रेक मारला तरी लिव्हर थरथरायची आणि ब्रेक सैल पडायचा, कधीकधी दिवाही. मालकाच्या मते मोड्यूल गेलं होतं, आणि नव्याच्या किमतीनं त्याची झोप उडाली होती.

भाईंनी पुढचं चाक हातानं सावकाश फिरवलं आणि सेन्सरपाशी डोळा नेला. अर्ध्या फेऱ्यात फट दिसत होती, पुढे रिंग बाहेर वळून सेन्सरला जवळजवळ घासत होती. “पंक्चरवाल्यानं टामी घातलीय हितनं,” भाई म्हणाले. टायर उसकटताना टामीचा टेका रिंगवर घेतलेला, कडेला चमकता ओरखडा. कंप्युटरला दर फेऱ्याला काही ठोके गाळलेले मिळत होते, म्हणजे चाक दर फेऱ्याला क्षणभर अडल्यासारखं. तो प्रामाणिकपणे दाब सोडत होता.

नवी रिंग काहीशे रुपयांत आली. सेन्सरच्या टोकाला ब्रेकच्या भुकटीचा आणि लोखंडी कणांचा लेप होता, तो कापडानं पुसला. मालक दोनदा विचारून गेला की मोड्यूल खरंच नको ना.

टायर बदलतानाही हे लक्षात ठेवायचं. कंपनीनं दिलेल्या मापापेक्षा बराच मोठा टायर मागे घातला की दोन चाकांचं गुणोत्तर कायमचं बिघडतं. थोड्या फरकाशी कंप्युटर जुळवून घेतो, फार झाला तर दिवा. झिजलेल्या टायरमुळे असं सहसा होत नाही.

भाईंचं आणखी एक म्हणणं नोंदवतो : मोड्यूलच्या आत हवा शिरली तर नेहमीसारखं लिव्हर मारून, निपल सोडून ती सगळी निघत नाही. स्कॅनर लावून पंप आणि व्हॉल्व्ह चालवावे लागतात. लिव्हर स्पंजसारखी लागते आणि मास्टर सिलिंडर उगाच बदलला जातो.

२ फेब्रुवारी

ओळखीच्या एकाची १६० सीसी, सिंगल चॅनल, मागे ड्रम. एबीएस फक्त पुढच्या चाकाला. बंद रस्त्यावर ताशी ४० ला फक्त पायब्रेक : मागचं चाक सरळ लॉक, गाडीचं शेपूट डावीकडे. मालक चकित. त्याच्या पुढच्या मडगार्डवर ठळक अक्षरांत एबीएस लिहिलंय आणि गाडी घेताना त्याला कुणी सांगितलं नव्हतं की ते अक्षरशः त्याच मडगार्डखालच्या चाकापुरतं आहे. नियमात हे बसतं. स्वस्तात जास्तीत जास्त गाड्यांना निदान पुढचं एबीएस मिळावं हा विचार मला पटतो, कारण पुढचं चाक लॉक होणं जास्त जीवघेणं. पण ओल्या रस्त्यावर घाबरलेला माणूस आधी पाय दाबतो, हेही तितकंच खरं.

मागचं चाक उचललं जाण्याबद्दल संदीपनं विचारलं. पुढचा ब्रेक कोरड्या डांबरावर कडक दाबला की मागचा भार जातो आणि चाक हवेत येतं. मागेही सेन्सर असेल तर कंप्युटर दोन चाकांच्या वेगातल्या फरकावरून ते ताडतो आणि पुढचा दाब जरा सोडतो. उतारावर हे लवकर घडतं. त्यामुळे घाटात उतरताना कधीकधी पुढचं टायर पकडीत असूनही लिव्हर सैल पडते : त्या क्षणी यंत्रणा घसरण सोडून कोलांटी अडवत असते. माझ्या आलेखात याचा एक नमुना आहे, मागचे ठोके थांबत आलेत आणि पुढचे व्यवस्थित, तरी पुढचा दाब सुटल्याचं दिसतं.

९ फेब्रुवारी

अपघातातल्या गाडीचं एक मोड्यूल भंगारात मिळालं. व्हाइसमध्ये धरून उघडलं. वर सर्किट, खाली अॅल्युमिनियमचा ठोकळा, त्यात चार व्हॉल्व्ह, मध्ये मोटर आणि तिच्या टोकाला केंद्रापासून जरा सरकवून बसवलेला बेअरिंग, तोच पंपाच्या दोन्ही दट्ट्यांना आळीपाळीनं ढकलतो. साठवणीचा कप्पा करंगळीच्या पेराएवढा. त्यात मावेल तेवढंच ऑइल एका वेळी सोडता येतं, बाकी पंपानं परत नेईपर्यंत थांबायचं. खडीवरच्या त्या लांब लाटांत याचाही वाटा असावा. एका व्हॉल्व्हची जाळी काळपट गाळानं भरलेली होती. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, दोन वर्षांनी बदला असं मॅन्युअल सांगतं. या गाडीचं कधी बदललं होतं कोण जाणे, बाहेर आलं ते चहाच्या रंगाचं.

मूळ बेत ब्रेकच्या नळीत दाबाचा सेन्सर बसवायचा होता, म्हणजे चाकाच्या वेगाबरोबर खरा दाबही दिसेल. रस्त्यावर चालवायच्या गाडीच्या ब्रेकलाइनमध्ये घरगुती जोड घालायचा नाही असं भाईंनी बजावलं आणि मला ते मान्य आहे. त्याऐवजी हे भंगारातलं मोड्यूल लाकडी फळीवर बसवायचं, एका बाजूला जुना मास्टर सिलिंडर, दुसऱ्या बाजूला कॅलिपर आणि दाबमापक. व्हॉल्व्ह उघडायला किती मिलिसेकंद लागतात ते पूर्वाच्या कॉलेजच्या ऑसिलोस्कोपवर बघू. तिची परीक्षा मार्चअखेर संपते, तोवर मी फळी आणि नळ्या जमवतो. चारपैकी एका व्हॉल्व्हची कॉइल तुटलेली निघाली, तशीच दुसरी शोधायला पुढच्या रविवारी पुन्हा भंगारवाल्याकडे.